कपाळ

फहाहीलला आमच्या खोलीत सहा खाटा, एक आरसा.
आरशाची वरची अर्धी काच गेलेली,
दाढी करायला सगळ्यांनाच वाकावं लागायचं.
मीही वाकायचो, पण कपाळ बघायला.

तिथे उगवला होता काळसर डाग,
चिंचोक्याएवढा.
सतरा वर्षांच्या सजद्यांची कमाई, म्हणायचो मनात,
आणि टोपी जरा मागे सारायचो
डाग झाकला जाऊ नये म्हणून.

फजरच्या आधी मीच उठवायचो खोलीला.
आवाज मोठा. उठवण्यापेक्षा ऐकवण्यासाठी.
वहीत मांडून ठेवायचो
किती तसब्या, किती पारे,
गावच्या मशिदीच्या वजूखान्याला किती दिनार.
तिथे संगमरवरावर नाव आहे माझं,
‘मुक्काम कुवेत’ सकट.
चुलतभाऊ फोनवर सहज बोलून गेला,
फरशीच्या खिळ्याला लोक ओले टॉवेल अडकवतात.
दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

जुलैतला रमजान होता तो.
पाइपला हात लावला तर कातडी मागे राहायची.
याकूब पेवेकर परांचीवरून उतरला,
टाकीच्या आडोशाला बसला
आणि बाटली तोंडाला लावली.
डोळे मिटून पीत होता,
गळ्याची घाटी वर-खाली, वर-खाली.
मी स्टोअरच्या खिडकीतून घोट मोजले.

संध्याकाळी चाळीस माणसांच्या दस्तरखानावर
मी त्याच्यापुढची ताटली मागे ओढली.
‘तू दुपारीच सोडलायस ना रोजा?’
कुणी हसलं नाही.
तंबूचं कापड तेवढं वाऱ्याने फडफडलं.
याकूबने हातातला अख्खा खजूर
परत ताटलीत ठेवला, नीट,
आणि चपला शोधत बाहेर गेला.
आठवड्याने त्याची खाट रिकामी.

इथे सांगायला सोपं झालं असतं
की त्याला साखरेचा आजार होता,
की उशीखाली डॉक्टरची चिठ्ठी निघाली.
तसं काही नव्हतं.
तहान लागली होती त्याला.
आणि मी एसीखाली बसून
नटबोल्ट मोजत होतो.

त्यानंतर नमाजेत काहीतरी बिनसलं.
टेकायचं ते कपाळ.
मी उभाच.
सजद्यात डोळे मिटले की
ताटली ओढल्याचा आवाज,
प्लॅस्टिकवर स्टीलचा, खर्र.

ईदनंतर एका शुक्रवारी
मिर्गाबला बस बदलून जहराला गेलो.
टायरच्या दुकानात याकूब
टबातल्या पाण्यात ट्यूब दाबून
बुडबुडे शोधत होता.
म्हटलं, चुकलो.
तो म्हणाला, थांब, एवढं चिकटवू दे.
मी थांबलो. उन्हात. बराच वेळ.
मग त्याने हात पुसले, चहा मागवला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
‘त्या रात्री उपाशीच झोपलो मी.’
माफ केलं म्हणाला नाही,
नाही केलं असंही नाही.
चहाचे पैसे मात्र मला देऊ दिले नाहीत.

परतीच्या बसमध्ये डोळे भरून आले.
आणि अहमदीच्या ज्वाळा दिसू लागल्या तोवर
माझ्या ध्यानात आलं,
खोलीवर हे कसं सांगायचं ते मी जुळवतोय,
कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा.
तौबा तौबा.
तौबेचीही वही उघडली होती मी.

कुणाला सांगितलं नाही.
महिनाभर मुद्दाम शेवटच्या रांगेत उभा राहिलो,
मग तेही कुणीतरी पाहिलेलं आवडू लागलं,
तेव्हा सोडलं.
आता जिथे खांद्याला खांदा लागेल तिथे.

गावी फोन केला.
म्हटलं, ती फरशी काढ,
नाव आत जाईल अशी उलटी बसव.
चुलतभाऊ म्हणाला, गवंड्याची मजुरी केवढी झालीय माहितेय?
राहू दे.
टॉवेल वाळतायत.